मुठीचं लाकूड, जवसाचं तेल आणि ती चिंधी

भातकुलीहून बोलतो आहे. एका काकांनी विचारलं, लायसनचं जुनं रिव्हॉल्व्हर आहे, मुठीच्या लाकडाचं पॉलिश उडालं, घामानं ते काळं पडलं, घरच्या घरी नीट करता येईल का? येते ना, काहून नाही? पण काम लाकडाचं करायचं, हत्यार मधात आणायचं नाही.

म्हणजे असं, की आधी हत्यार रिकामं करा, दोनदा पाहा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. खाचेत बरोबर बसणारा पेचकस घेऊन मुठीचा स्क्रू काढा. दोन्ही लाकडी पट्ट्या सुटल्या की हत्यार कुलपात. दुसऱ्यांची शस्त्रं दुरुस्त करायचा धंदा करायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानं वेगळा परवाना लागतो. म्हणून सुताराची मदत हवीच असेल तर त्याच्याकडे फक्त पट्ट्या न्या.

जुनं व्हार्निश थिनरच्या फडक्यानं पुसा, खिडक्या उघड्या ठेवून. मुठीवर खाचांची नक्षी असेल तर तिथं पॉलिश पेपर लावूच नका, जुना टूथब्रश पुरे. बाकी भागाला २२० नंबर, मग ३२०, शेवटी ४००, रेषेच्या दिशेनं. पट्टी जिथं लोखंडाला टेकते ती कड आणि मागची बाजू घासायची नाही, नाहीतर मूठ हलायला लागते. शिसवाचा भुसा काहींना बाधतो, तोंडाला रुमाल बांधा. दबलेल्या जागेवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवा, लाकूड फुगून वर येते. त्याला पाणी फिल्टरचं घ्या. आपण खारपाण पट्ट्यातले लोक, बोअरच्या पाण्यातलं मीठ लाकडात राहिलं तर पुढे लोखंड गंजते. चीर असेल तर तेलाआधी चिकटवा. तेलावर गोंद धरत नाही.

आता तेल. घरात सरकीचं किंवा शेंगदाण्याचं असते म्हणून ते लावू नका. ते कडक वाळत नाही, मूठ चिकचिक करते. जवसाचं लावा, त्यातही रंगाच्या दुकानातलं डबल बॉईल्ड. कच्चं वाळायला फार दिवस घेते. चार थेंब, तळव्यानं चोळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी सगळं पुसून टाकायचं, एक दिवस सावलीत. असे चार-पाच हात. पावसाळ्यात दोन-दोन दिवस थांबा. मागच्या बाजूलाही एक पातळ हात द्या. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं, तर ओल त्याच कोऱ्या बाजूनं आत शिरते.

आणि ती पुसायची चिंधी. हे नीट ऐका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि गरम होते. चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर उष्णता बाहेर निघत नाही, आणि काही तासांत ती आपोआप पेट घेऊ शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. आपल्याकडे भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच पडून असतो. अशा घरात रात्री तेलाची चिंधी आत राहता कामा नये. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, नाहीतर एकेक उलगडून बाहेर, भिंतीपासून दूर वाळवा. पूर्ण कडक झाल्यावरच फेका.

डवऱ्याच्या मुठीला, कुऱ्हाडीच्या दांड्यालाही हेच तेल चालते. चिंधीचा नियम तिथंही तोच.

शेवटचा हात वाळला, हाताला काही लागत नाही असं झालं, की पट्ट्या बसवा. स्क्रू हातानं टेकेपर्यंत, वर थोडासाच. जोर लावला तर पट्टी भोकापासून तडकते.