अनुभवाला गिऱ्हाईक हवं

आमच्या चंद्रपुरात हल्ली सोयरिकीच्या बैठकीत मुलाचं शिक्षण नंतर विचारतात, ‘पॅकेज’ आधी विचारतात. बाबूपेठेतला मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये लागला, की दिवाळीला तो घरी येण्याआधी त्याच्या पगाराचा आकडा मोहल्ल्यात पोचलेला असतो. हा आकडा ठरतो कसा, यावर आज थोडं बोलू या. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कवीच्या मानधनात ना गाव मोजतात, ना अनुभव. म्हणून ज्यांचं मोजलं जातं त्यांच्याविषयी मला कुतूहल.

चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ साली सुरू झालं. इथली मुलं हिंजवडी, हैदराबाद, बंगळुरूला जातात. लोकांचा समज असा, की पुण्यात पगार जास्त आणि नागपुरात कमी. पहिल्या नोकरीत सहसा तसं नसतं. मोठ्या कंपन्या नवख्याला देशभर साधारण एकच आकडा देतात. तो २०१२च्या सुमारास वर्षाला तीन-सव्वातीन लाख होता, आजही साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो. महागाई धरली तर नवखा मागेच गेला. त्यातून पुण्याचं घरभाडं आणि खानावळ वजा करा. त्यापेक्षा नागपूरच्या मिहानमध्ये लागलेल्या मुलाच्या हाती चार पैसे जास्त उरतात.

मग शहराचा फरक कुठं पडतो? तीन-चार वर्षांनी. कामावर हात बसला, की मुलगा दुसऱ्या कंपनीचं दार ठोठावतो आणि पगार एका उडीत वाढतो. जागेवर राहणाऱ्याची वाढ थेंबाथेंबानं होते. अशी दारं हिंजवडीत, बंगळुरूत शेकड्यानं आहेत. मिहानमध्ये मोजकी, चंद्रपुरात जवळपास नाहीतच. अनुभव सगळ्यांना येतो, पण त्याला गिऱ्हाईक ठरावीक ठिकाणीच भेटतं. २०२०च्या टाळेबंदीत हीच मुलं आईबापाच्या घरी बसून पुण्याचं काम करत होती. पुढं २०२१ मध्ये गुगलनं अमेरिकेतल्या आपल्या माणसांना सांगितलं, की स्वस्त गावात राहून कायम घरून काम कराल तर पगार कमी होऊ शकेल. माणूस तोच, काम तेच. फक्त पत्ता बदलला.

आता आपल्या जंगलात या. एप्रिल-मे महिन्यांत बाया पहाटेच तेंदूपत्ता तोडायला निघतात. मनात वाघाची धास्ती असतेच. मग घरी येऊन पुडके बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. सीमेपलीकडं छत्तीसगडात पुडका पन्नास पानांचा आणि हजार पुडक्यांची एक गोणी. तिथल्या सरकारनं गोणीचा दर २०२४ मध्ये ४,००० वरून ५,५०० रुपये केला, म्हणजे पानामागं ८ पैशांचे ११ पैसे झाले. आपल्याकडं पुडका सत्तर पानांचा, आणि दर ठिकठिकाणी वेगळा. पण तीस हंगाम काढलेल्या आजीला आणि पहिल्यांदा आलेल्या तिच्या नातीला एका फळीवर दर एकच. आजीचा अनुभव दिसतो तो बोटांच्या वेगात. कोणतं पान कोवळं, कोणतं जून, हे तिला नजरेनं कळतं. पण त्या नजरेला दुसरं गिऱ्हाईक नाही.

यात बदल होऊ शकतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गाव आपला बांबू स्वतः विकू लागलं. पुढं गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलावही स्वतः करू लागल्या. भाव अजूनही चढतो, पडतो. ठेकेदार पैसे थकवतात. तरी अमक्याला देणार नाही, तमक्याला देऊ, असं म्हणण्याची सोय गावाला झाली. पुण्यातल्या मुलाला दुसऱ्या कंपनीचं दार असतं, तशीच ही सोय.

म्हणून शेत गहाण ठेवून मुलाची फी भरणाऱ्या बापाला माझं एवढंच सांगणं आहे. पहिल्या वर्षाच्या आकड्यानं हुरळू नका, खचूही नका. पोरगा पाच वर्षांनी जे काम शिकलेला असेल, ते मागणारे त्या शहरात किती जण आहेत, ते विचारा. फळीवर पुडके मोजून देणाऱ्या आजीसाठी तर हा प्रश्न आपण सगळ्यांनीच विचारायला हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)