छोट्या गाडीच्या शेवटच्या गावी



आपल्या गोंदियाहून जबलपूरला पूर्वी छोटी गाडी जायची. बालाघाट, नैनपूर करत रमतगमत. ज्या जबलपुरात ती थांबायची, तिथे एके काळी एक आगळी संस्था होती. मुसलमान वस्तीत काम करू इच्छिणारे ख्रिस्ती धर्मप्रचारक तिथे इस्लामचा अभ्यास करायला येत. नाव हेन्री मार्टिन स्कूल.

हा हेन्री मार्टिन इंग्रज पाद्री. १८०६ साली तो हिंदुस्थानात आला, बायबलच्या नव्या कराराचे त्याने उर्दूत आणि मग फारसीत भाषांतर केले, आणि १८१२ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तुर्कस्तानातल्या तोकात गावी वारला. त्याच्या नावाची ही शाळा १९३० साली लाहोरला निघाली. बॅप्टिस्ट मिशनचे एल. बेव्हन जोन्स तिचे पहिले प्राचार्य. शाळा मात्र एकट्या बॅप्टिस्टांची नव्हती. अरबी-फारसी जाणणारे शिक्षक आणि ग्रंथालय एकट्या मिशनला झेपणारे नव्हते, म्हणून निरनिराळ्या देशांची मिशने आणि इथली चर्चे एकत्र आली. एरवी ही मंडळी बाप्तिस्मा कसा द्यावा यावरूनही भांडत!

त्याआधीचा काळ जाहीर वादविवादांचा. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी हिंदू पंडितांशी वाद घातले, तसे मुसलमान विद्वानांशीही. १८५४ साली आग्र्यात पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी समोरासमोर आले. फांडर जर्मन, त्यांची मिशन सोसायटी लंडनची. बायबलच्या प्रतींत पाठभेद आहेत, हे त्यांना भर सभेत कबूल करावे लागले. पण समजा फांडर जिंकले असते, तरी शेजार थोडाच जुळला असता?

दुखणे वेगळेच होते. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत आपल्याकडचे व्ही. एस. अझरया उभे राहिले आणि तुम्ही त्याग पुष्कळ केलात, आता आम्हाला मित्र हवेत, असे त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना ऐकवले. पैसा देणारा मालक आणि घेणारा नोकर, अशी भागीदारी काय कामाची?

हाच प्रश्न पुढे आपल्या दारात आला, पण संशयाच्या रूपाने. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. नागपूर राजधानी, आणि आपला गोंदिया त्याच प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात. समितीच्या १९५६च्या अहवालात परदेशी पैशावर कडक ताशेरे होते. पैसा कुठून येतो हे विचारणे रास्तच. मात्र त्या ताशेऱ्यांचा डाग स्कॉटिश मिशनच्या भंडाऱ्याच्या दवाखान्यासारख्या कामालाही लागतो, हे मला अन्यायाचे वाटते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की धर्माचा प्रसार हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा मूलभूत हक्क नव्हे.

आणि त्या शाळेचे काय झाले? लाहोर सोडून अलीगढ, जबलपूर, लखनौ अशी बिऱ्हाडे करत ती १९७१च्या सुमारास हैदराबादला गेली. १९९० साली तिथे भीषण दंगल झाली. धर्मप्रचारक घडवण्यासाठी निघालेल्या या संस्थेची माणसे जुन्या शहराच्या गल्ल्यांत उतरली, आणि हळूहळू संस्थेचे उद्दिष्टच पालटले. आज आंतरधर्मीय संबंध आणि सलोखा हे शब्द तिच्या नावाशी जोडलेले आहेत. परदेशी चर्चांचा हात अजून पाठीशी आहे.

मिशनच सोडून दिले, असे काही ख्रिस्ती बांधवांना वाटते. उलट, हे प्रचाराचेच नवे रूप तर नव्हे, असे काही मुसलमान विचारतात. दोघांनाही विचारण्याचा अधिकार आहे. मला एवढेच सांगायचे आहे, की जुन्या शहरातल्या त्यांच्या केंद्रात हिंदू आणि मुसलमान बायका शेजारी बसून शिवणकाम शिकतात, आणि त्या केंद्राचे नाव आहे ‘अमन शांती’.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)