लाजेपायी दुखणे अंगावर काढू नका
(मंडळाच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



पुरुषांच्या लघवीच्या तक्रारी हा आजचा विषय. विषय निघाला की माना खाली जातात, म्हणूनच तो घेतला आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तांची रांग लागते. एखादे काका मध्येच रांग सोडून जातात आणि परत येऊन मुकाट्याने शेवटी उभे राहतात. गुडघा दुखला तर आपण चारचौघांत सांगतो. लघवीचे मात्र बायकोलाही सांगत नाही. 'वयोमानाने व्हायचेच' असे म्हणून गप्प बसतो.

वयोमानाने होते, हे खरे. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती प्रोस्टेट ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. पन्नाशीनंतर पुष्कळांची ग्रंथी वाढते व नळीवर दाब येतो. मग रात्री वरचेवर उठावे लागते, धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, नंतरही थेंब गळतात. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण तपासल्याशिवाय फरक कळत नाही. शिवाय लघवी आत साचत राहिली तर जंतुसंसर्ग होतो, खडे होतात आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. मग घरातला कर्ता माणूस आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातो आणि सगळे घर त्यामागे ओढले जाते.

असा त्रास काही आठवडे टिकला किंवा झोपमोड होऊ लागली, तर डॉक्टरांकडे जावे. पुढील गोष्टींत मात्र त्याच दिवशी जावे :

१) लघवी पूर्ण तुंबणे व ओटीपोट फुगणे. यात तासभरही थांबू नये.
२) लघवीत रक्त दिसणे, एकदाच दिसले आणि दुखले नाही, तरीही.
३) लघवीची जळजळ आणि थंडी वाजून ताप.
४) लघवीवरचा ताबा जाणे आणि त्याबरोबर पायांतली शक्ती कमी होणे.

डॉक्टर लघवी व रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात, गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. त्याला मिनिटभरही लागत नाही. पुष्कळांना गोळ्यांनी आराम पडतो. काहींना दुर्बिणीतून शस्त्रक्रिया लागते. जाण्यापूर्वी तीन दिवस वहीत लिहावे : किती वाजता, किती वेळा, रात्री किती वेळा उठलो. पासबुकातल्या नोंदीसारखा हा हिशेब डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. चालू औषधेही सांगावीत, कारण सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी तुंबते. त्रास होतो म्हणून दिवसभर पाणी तोडू नये. झोपण्यापूर्वी दोन तास चहा-पाणी कमी करावे.

विद्यार्थी मित्रांनो, हा विषय केवळ म्हाताऱ्यांचा नाही. जळजळ होत असेल, पू येत असेल, तर तो संसर्ग असू शकतो. त्यावर औषध आहे. जोडीदारालाही उपचार लागतात. तहान वाढून वारंवार लघवी होत असेल तर रक्तातील साखर तपासा. लघवी कधी गढूळ दिसली की 'धातू जाते' या भीतीने मुले भिंतीवरच्या जाहिरातींतील भोंदूंकडे जातात व पैसे घालवतात. ती पुष्कळदा क्षारांमुळे गढूळ होते. शंका असेल तर साधी लघवीची तपासणी करा; ती सरकारी रुग्णालयातही होते.

भगिनींना एकच विनंती. घरातला माणूस रात्री वरचेवर उठत असेल तर हसू नका, विचारा. आणि बंधूंनो, विचारल्यावर टाळू नका. डॉक्टरांसमोर हे बोलायला दोन मिनिटे लागतात. तेवढी लाज बाजूला ठेवली, तर पुढचे मोठे दुखणे पुष्कळदा टळते.