तपासाची गोडी



खुनाचा तपास म्हटलं की आपल्याला टीव्हीवरची मालिका आठवते. साहेब येतात, चार प्रश्न विचारतात आणि तासाभरात गुन्हेगार हजर! पण पोलिसांच्या रोजच्या कामावर लिहिलेल्या कादंबऱ्याही असतात. त्या वाचून जास्त समाधान का मिळतं, ते आज बघू.

स्वीडन देशातल्या माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. रात्री मुलं झोपली की दोघं लिहायला बसायचे.

पहिली कादंबरी 'रोझॅना'. कालव्यातला गाळ काढताना एका तरुणीचं प्रेत सापडतं. नाव नाही, गाव नाही. ती कोण, हे कळायलाच महिने जातात. ती अमेरिकेतून फिरायला आलेली, बोटीने प्रवास करणारी बाई निघते. तोवर बोटीवरचे प्रवासी देशोदेशी पांगलेले असतात. पोलीस एकेकाचा जबाब मिळवतात. प्रवाशांनी काढलेले फोटो मागवतात आणि ती कुठे उभी आहे, तिच्या शेजारी कोण आहे, हे बघत बसतात.

यात गोडी कसली? एक म्हणजे, पोलिसांना जे कळतं ते आपल्यालाही कळत जातं, त्यामुळे आपणही तपासात सामील होतो. दुसरं, बेक काही जादूगार नाही. त्याला सर्दी होते, पोट बिघडतं, घरातही धड बोलणं नाही. तो सहकाऱ्यांच्या साथीने चिकाटीने काम करतो. म्हणून उत्तर पटतं. गटाचा हिशेब पैशापर्यंत जुळला की वाटतं ना, अगदी तसं!

आणि तिसरं मला सगळ्यात मोठं वाटतं. जिला तिथे कोणी ओळखत नव्हतं, अशा बाईची फाइल कोणी बंद करून टाकली नाही.

मैत्रिणींनो, खऱ्या आयुष्यातही तपासाची सुरुवात कागदापासून होते. तक्रार द्यायला गेलात तर एफआयआर वाचून दाखवायला सांगा. बरोबर लिहिलंय याची खात्री झाली की मगच सही करा. तक्रारदाराला एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो आपला हक्क आहे. प्रत घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

पुढच्या बैठकीत बचतीचं काम आटोपलं की एखादी तपासकथा मोठ्याने वाचा. मध्येच थांबून विचारा, "हे पोलिसांना कळलं कसं?" त्याचं उत्तर गोष्टीतच सापडलं, तर गोष्ट चांगली समजा.