थर्गुड मार्शल : घटनेचे वकील, घटनेचे न्यायमूर्ती



‘कायद्याचे समान संरक्षण’ हे तत्त्व अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६८ साली चौदाव्या दुरुस्तीने आले. परंतु १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे परंतु समान’ या सूत्रास मान्यता दिली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या राहिल्या. समान मात्र कधीच झाल्या नाहीत. ही विसंगती दूर करण्यासाठी थर्गुड मार्शल यांनी आपली वकिली वेचली.

१९०८ साली बाल्टिमोर येथे जन्मलेले मार्शल १९३३ साली हॉवर्ड विद्यापीठाच्या कायद्याच्या परीक्षेत पहिले आले. मेरीलँड विद्यापीठाच्या विधी विद्यालयाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्यासह त्यांनी ते न्यायालयामार्फत उघडविले. कृष्णवर्णीय शिक्षकांच्या समान वेतनासाठीही त्यांनी दावे लढविले.

साउथ कॅरोलिनातील क्लॅरेंडन परगण्यात पालकांची पहिली मागणी साधी होती: मैलोगणती पायी जाणाऱ्या मुलांसाठी शाळेची बस मिळावी. ती नाकारली गेली. पुढे वेगळ्या शाळांविरुद्धच दावा उभा राहिला. त्यावर सही करणाऱ्यांपैकी काहींना नोकऱ्या गमवाव्या लागल्या. अशा पाच दाव्यांवर १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

परंतु १९५५ च्या आदेशात अंमलबजावणीची मुदत नव्हती. ती जबाबदारी स्थानिक शाळा मंडळांवर होती व अनेक मंडळांनी वर्षानुवर्षे चालढकल केली. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यास सैन्य पाठवावे लागले.

मार्शल यांनी सर्वोच्च न्यायालयात ३२ प्रकरणे चालविली आणि २९ जिंकली. १९६१ साली अपील न्यायालयाचे न्यायाधीश, १९६५ साली सॉलिसिटर जनरल आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती अशी त्यांची वाटचाल झाली. १९९१ साली ते निवृत्त झाले. १९९३ साली त्यांचे निधन झाले. मूळ घटना सदोष होती, कारण तिने गुलामगिरीस थारा दिला होता, हे त्यांनी १९८७ साली घटनेच्या द्विशताब्दीतच निर्भीडपणे सांगितले.

भारतीय संविधानाने अनुच्छेद १४, १५ व १७ द्वारे समता प्रारंभीच स्वीकारली. तथापि निकालपत्रातील हक्क मुलाच्या बाकापर्यंत पोहोचतो तो शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्याच हातून. क्लॅरेंडनच्या पालकांना बस मिळाली असती, तर तेही न्यायालयाच्या पायरीशी गेले नसते.