गिरणीच्या पायाखाली काय घालायचं?

आम्ही शिनोलीच्या बचतगटाच्या बाया बोलतोय. आज हप्त्याचं नाही, गिरणीच्या पायाखालचं बोलू. पण ऐकाल तर कळेल, हप्ताही तिथंच अडकलेला असतो.

आम्ही कर्ज काढून पिठाची गिरणी घेतली. तिची मोटार दोन लोखंडी रेलवर बसते. पट्टा ढिला झाला की मोटार रेलवर मागं सरकवायची. आमचा कोबा उतरता होता, म्हणून एका रेलखाली लाकडाची फळकुटं सरकवली. उन्हाळाभर ठीक चाललं. मग आपल्याकडचा पाऊस लागला, लाकूड फुगलं, नंतर हादऱ्यानं चेपलं. बोल्ट ढिले झाले, दोन्ही पुल्या एका रेषेत राहिल्या नाहीत, पट्टा एका कडेनं झिजला. एक दिवस दळण चालू असताना तुटला आणि आमच्यातल्या एकीच्या हाताला चाटून गेला. थोडक्यात निभावलं. गिरणी आठवडाभर बंद राहिली, हप्ता मात्र चालूच.

तेव्हापासून आम्ही शिकलो ते सांगतो.

लाकूड, पुठ्ठा नको. ओल आणि तेल पितात. रबर नको, दाबलं की बसतं, रेल परत खाली जाते. ॲल्युमिनियम मऊ पडतं. साधा लोखंडी पत्रा गंजतो. स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा सपाट पत्रा चांगला. तो अर्धा मिलिमीटर, एक मिलिमीटर अशा जाडीत मिळतो. पातळ चकत्यांची चळत लावू नका; एक जाड आणि वर फार तर दोन पातळ पुरे. पट्टी रेलच्या पायाएवढी रुंद हवी, बोल्टसाठी मधे खाच पाडलेली. कडेची धार कानशीनं घासा, खालचं पीठ-माती पुसा.

माप असं काढा. रेलवर एक फूट लांबीची लेव्हल पट्टी ठेवा. तिच्या खालच्या बाजूच्या टोकाखाली पत्रा घालत जा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. समजा अर्धा मिलिमीटर लागला आणि रेलचे दोन बोल्ट दोन फुटांवर आहेत, तर रेलच्या त्या टोकाखाली एक मिलिमीटर घालायचा. एका रेलचं झालं की दुसरीचं बघा, आणि लेव्हल दोन्ही रेलवर आडवीही ठेवून बघा. बोल्ट आवळल्यावर परत एकदा तपासा, कारण आवळताना रेल हलते.

शेवटी दोन्ही पुल्यांच्या कडेवरून दोरी ताणा. कडा सारख्या जाडीच्या असतील तर दोरी चारही जागी टेकली पाहिजे.

हे सगळं मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, पदर खोचून. आणि पट्ट्यावरची जाळी परत बसवल्याशिवाय गिरणी सुरू करायची नाही.

मिस्त्री येईपर्यंत थांबायला आपल्याला जमत नाही, बायांनो. निदान तो काय घालतोय ते तरी आपल्याला कळलं पाहिजे. पुढच्या पावसाच्या आधी आपापल्या गिरणीखाली एकदा वाकून बघा.