परिच्छेदाला एकच काम द्यावे

मी कवी माणूस. कवितेत ओळ कुठे तोडायची, हे तरुणपणापासून शिकतो आहे. गद्यात परिच्छेद कुठे तोडायचा, हे मात्र मला एका अर्जाने शिकवले. ती हकिकत आज सांगतो.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. त्यांचे पती शाळेत शिपाई होते. ते वारले आणि खालांचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकले. कारण साधे होते. पतीच्या सेवापुस्तकात खालांच्या नावापुढे ‘बी’ होते, तर बँकेच्या पासबुकात ‘बेगम’. अर्ज लिहून घ्यायला त्या माझ्याकडे आल्या. मोहल्ल्यात शायर म्हणून माझी थोडी पत आहे ना!

मी दीड पान लिहिले. पतीची इमानी चाकरी, त्यांचे आजारपण, थकलेले घरभाडे, नावातला घोटाळा, सरकारकडे विनंती, सारे एका दमात आणि एकाच परिच्छेदात. कचेरीतल्या कारकुनाने चार ओळी वाचल्या, पान उलटले आणि विचारले, “आजी, नेमके काम काय आहे?” खालांना वाचता येत नाही. त्या बोट ठेवून दाखवणार तरी कुठे? अर्ज परत आला. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “बेटा, तू इतना लिख्या, पन उसमें मेरी पेन्शन किधर है?”

कारकुनाला दोष कसा देऊ? त्याच्या टेबलावर अर्जांचा ढीग होता. दोष माझ्या लिहिण्यात होता.

मी पुन्हा लिहायला बसलो. या वेळी तीन परिच्छेद केले. पहिल्यात फक्त मागणी: मला कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर व्हावे. दुसऱ्यात फक्त अडचण: सेवापुस्तकात माझ्या नावापुढे ‘बी’ आहे, पासबुकात त्याच नावापुढे ‘बेगम’ आहे, दोन्ही नावे माझीच आहेत, या फरकामुळे प्रकरण थांबले आहे. तिसऱ्यात फक्त पुरावे, म्हणजे सोबत जोडलेल्या कागदांची यादी. आजारपण आणि घरभाडे मी गाळले. ते दुःख खरेच होते, पण या कागदावर त्याला काम नव्हते.

दुसरा परिच्छेद जरा पुन्हा आठवून पाहा. पहिले वाक्य विषय सांगते. दुसरे त्याच्यासमोर उभे राहते. तिसरे दोघांचा मेळ घालते आणि चौथे त्याचा परिणाम सांगते. यातले एखादे वाक्य पुढेमागे केले, तर अर्थ लंगडतो. गझलेतला शेर एकटा उचलून नेला तरी जगतो. परिच्छेदातले वाक्य तसे नसते. ते शेजारच्या वाक्याचा हात धरून उभे असते.

आपल्याकडे ही सवय तशी अलीकडची आहे. मोडी लिहिणारे आधी आडवी रेघ ओढीत आणि तिच्याखाली शब्द सलग लिहून काढीत. शब्दाशब्दांत अंतर नसे, मग परिच्छेद कुठला? पोथी मोठ्याने वाचली जाई. कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याचा आवाज सांगे. विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. छापील मजकूर माणूस मनातल्या मनात वाचू लागला. आता त्याला सांगायला आवाज नाही, म्हणून थांबा कागदावरच दाखवावा लागतो. नवा परिच्छेद म्हणजे वाचकाला सांगणे, की एक गोष्ट संपली, आता दुसरी ऐका.

मग तो तोडायचा कुठे? किती ओळींनी, याला नियम नाही. एका वाक्याचाही परिच्छेद होतो. मी एक युक्ती करतो. लिहून झाले की प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहितो: मागणी, अडचण, पुरावे. एका शब्दात भागेना, तर तिथे दोन गोष्टी शिरल्या आहेत, तोडा. दोन परिच्छेदांना एकच शब्द आला, तर ते जोडा. शब्दच सुचत नसेल, तर तो परिच्छेद काढून टाका. मग सगळे एकदा मोठ्याने वाचा. कान चूक लवकर पकडतो.

तो दुसरा अर्ज मी खालांना वाचून दाखवला. प्रत्येक परिच्छेद संपला, की त्या एकेक बोट मिटत होत्या. कचेरीत कारकुनाने पुन्हा विचारले, “आजी, काम काय आहे?” या वेळी खालांनी ती तीन बोटे मोजत सगळे स्वतःच सांगितले. अर्जावर आवक क्रमांक पडला. पुढे पेन्शनही सुरू झाली.

ज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्यांच्याही लक्षात राहिला, तो माझ्या मते चांगला परिच्छेद.